मूठ आणि तळहात

पंच म्हणून यावं अशी विनंती करणारं पत्र परवा पुन्हा आलं. पाऊस ओसरला, शाळांच्या मैदानांवरचं शेवाळं खरवडून झालं की ते येतं, आणि दरवर्षी त्यात माझं नाव चुकलेलं असतं. मी सुजाता. पत्र सुनीताला येतं. बावीस वर्षं मी भिवंडीच्या एका शाळेत पी.टी. शिकवते, त्यातली सोळा वर्षं तालुक्याच्या बास्केटबॉल सामन्यांना शिट्टी वाजवते, आणि स्पर्धा समितीतल्या एकाही गृहस्थाला माझं नाव एकदा कुणाला तरी विचारून घ्यावंसं वाटलेलं नाही. पाहुण्यांची नावं मात्र त्याच पत्रात बिनचूक असतात. आजी-माजी पदांसकट.

हा हंगाम मला वासावरून कळतो. सिमेंटचं कोर्ट तापतं, पावसानं धुऊन गेलेल्या रेषांवर फक्की ओढली जाते, आणि त्या चुनखडीच्या कोरड्या वासात कुंपणापलीकडच्या कापडाच्या लूमच्या तेलाचा वास मिसळतो. लूमची खडखड तर असतेच. नवख्या पंचाला तिच्यात स्वतःची शिट्टीही ऐकू येत नाही. पूर्ण्याच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर रस्ता अडवून उभे असतात, म्हणून संघ उशिरा येतात. पाहुणे संघांपेक्षा उशिरा येतात, त्यांना कंटेनर अडवत नाहीत, तरीही. ते येईपर्यंत मुली उन्हात रांगेत उभ्या राहतात. मग नारळ फुटतो. मग भाषण. 'खिलाडूवृत्ती' हा शब्द मी ह्या मैदानावर जितक्या वेळा ऐकलाय, तितक्या वेळा ती पाहिली असती, तर आज मला हा लेख लिहावा लागला नसता.

पाहुण्यांच्या खुर्च्या कोर्टाच्या एका लांब बाजूला मांडतात. पुढची रांग सोफ्याची, लाल मखमली खोळींची. रेषेपासून दोन मीटर जागा मोकळी हवी, असा नियम आहे. सोफा दीड हातावर असतो. मी पहिल्या वर्षी हे सांगितलं तेव्हा एक कार्यकर्ता म्हणाला, "मॅडम, पाहुण्यांना दिसायला नको का?" पाहुण्यांना नक्की काय दिसतं, ते मला पुढे कळलं.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. चेंडू हातात असलेल्या मुलीचा पाय कडेच्या रेषेला लागला की ती बाहेर गेली. हे उल्लंघन. चेंडू समोरच्या संघाला. पण तिला कुणी ढकललं आणि त्या ढकलण्यानं तिचा पाय रेषेवर पडला, तर तो ढकलणाऱ्या मुलीचा फाउल. रेषेवरचा पाय मग मोजायचाच नाही, कारण धक्का आधी लागलेला असतो. दोन्ही वेळा पंच शिट्टीच वाजवतो. फरक हातात असतो. उल्लंघन असेल तर उघडा तळहात वर जातो, फाउल असेल तर बंद मूठ.

पाय पाहणं सोपं आहे. पाय फक्कीवर उमटतो, पांढरी धूळ उडते, आंधळ्यालाही कळावं. कंबरेचा, कोपराचा, मनगटाचा धक्का कुठेच उमटत नाही. तो पाहायचा तर दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल अशा जागी पंचाला धावत जावं लागतं, आणि रेषेवर डोळा ठेवूनही नजर त्या फटीतून काढायची नसते. धावणं आलं, म्हणून आमचे बहुतेक पंच रेषाच पाहतात.

आमचे मुख्य पंच कर्णिक सर तर सामना सुरू होताना बास्केटखाली जिथे उभे राहत, तिथेच तो संपतानाही सापडत. पांढरे शुभ्र बूट, इस्त्रीची पँट, गळ्यात गोफ विणलेल्या दोरीतली शिट्टी. बूट संध्याकाळपर्यंत तसेच शुभ्र राहत, कारण त्यांच्यावर धूळ बसायला ते हलायला हवे होते. पण अहवाल सुंदर लिहीत. समिती त्यांच्यावर खूश असे. त्यांच्या सामन्यांत वाद होत नसत. वाद कशावर होईल? त्यांना काही दिसतच नसे.

तीन वर्षांपूर्वीचा हंगाम. सतरा वर्षांखालील मुली. खारबावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक आश्रमशाळा आहे, तिचा संघ पहिल्यांदाच उतरला होता. सात मुली आणि त्यांचे भोये सर. भोये सर मूळचे गणिताचे. खेळ त्यांनी पुस्तकातून शिकून मग मुलींना शिकवला होता. त्यांच्यातली दीपाली वाघे मला पहिल्याच सामन्यात लक्षात राहिली. आश्रमशाळेचं मैदान मातीचं. मातीवर चेंडू नीट उसळत नाही, म्हणून ती तो जोरात आपटायला शिकलेली. आमच्या सिमेंटवर तो तिच्या खांद्यापर्यंत यायला लागला. मुली हसल्या. सोफ्यावरही कुणीतरी हसलं. पाच मिनिटांत तिनं हात हलका केला, आणि त्यानंतर तिच्याकडून चेंडू काढून घेणं कुणाला जमलं नाही. मी इतकी वर्षं पी.टी. शिकवते. पाच मिनिटांत स्वतःचा हात बदलणारी दुसरी मुलगी मी पाहिलेली नाही.

तिचे वडील पावसात भातशेती आणि बाकी वर्ष गोदामांवर मालाची चढउतार करत. हे मला भोये सरांनी सांगितलं. "ही जिल्ह्याला खेळली ना मॅडम, तर तिथे निवड करणारी माणसं येतात. क्रीडा वसतिगृहात घेतात. शिकणं, खेळणं, सगळं तिकडेच." एवढं सांगून ते थांबले आणि जरा ओशाळले, जणू पंचाशी असं बोलणं बरोबर नव्हे. तसं ते नव्हतंच. पण सोफ्यावरून माझ्याशी जे बोललं जाई, त्याला कुणी कधी ओशाळलेलं मला आठवत नाही.

जिल्ह्याला फक्त विजेता संघ जातो. अंतिम सामना आश्रमशाळेचा आणि यजमान शाळेचा. शाळेचं नाव घेत नाही. मैदान त्यांचं, मंडप त्यांचा, आणि संस्थेचे अध्यक्ष हेच स्पर्धा समितीचेही अध्यक्ष. ते सोफ्याच्या मध्यभागी बसत. खेळाचं त्यांना एवढंच ठाऊक होतं की त्यांचा संघ निळ्या कपड्यांत आहे.

मध्यंतराला कर्णिक सरांनी मला बाजूला घेतलं. रुमालानं कोरडं कपाळ पुसत म्हणाले, "सुजाताबाई, तुम्ही फार फाउल काढताय."

"होताहेत म्हणून काढतेय, सर."

"होतात हो. पण रेषेपाशी असताना धक्का-बिक्का कशाला शोधायचा? पाय बघा, तळहात वर करा, विषय संपला. पाय सगळ्यांना दिसतो. धक्का फक्त तुम्हाला दिसतो, मग भांडण तुमच्या अंगावर येतं."

"आणि धक्का खरंच लागला असेल तर?"

"बाई, आपल्याला पुढच्या वर्षीही इथेच यायचंय."

 मनात मी त्यांची खूप कीव केली. कीव कसली, तुच्छताच ती. हा माणूस पंच नसून मैदानावर लावलेली कुंडी आहे, असं मला वाटलं, आणि ते वाटून मला बरंही वाटलं. आपण निराळे आहोत हे कळण्याचं सुख फार स्वस्तात मिळतं.

सामना संपायला अर्धं मिनिट होतं. आश्रमशाळा एका गुणानं मागे. यजमानांचे खेळाच्या त्या शेवटच्या पाळीतले चार फाउल भरलेले, म्हणजे आता पाचवा झाला की समोरच्या संघाला बास्केटवर दोन मोकळ्या फेकी. दीपालीनं त्या दिवशी अशा सहा फेकी घेतल्या होत्या आणि पाच बास्केटमध्ये टाकल्या होत्या. ती खुर्च्यांच्या बाजूनं, रेषेला धरून निघाली. मी तिच्या मागे चार पावलांवर. यजमानांची सानिका मधून तिरकी धावत आली. ती वेळेत पुढे येऊन उभी राहिली असती, तर ती जागा तिची होती. दीपाली तिच्यावर आदळती तर चूक दीपालीची धरावी लागली असती. पण सानिका पोचली नाही. उशीर झालाय हे तिला कळलं आणि तिनं कंबर घातली. दोघींमधली फट मला स्वच्छ दिसत होती, ती मिटताना मी पाहिली. आवाजही ऐकला. मग दीपालीचा उजवा पाय फक्कीवर पडला आणि ती सोफ्याच्या पायाशी जाऊन आपटली.

मी शिट्टी वाजवली. ती शिट्टी फाउलची होती. शिट्टी तोंडात आणि हात खाली, एवढाच तो क्षण, आणि तेवढ्यात मी खुर्च्यांकडे पाहिलं. अध्यक्ष उभे राहिले होते. त्यांच्या पायाशी एक मुलगी पडली होती, तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते रेषेकडे बोट दाखवून ओरडत होते, "लाइन! लाइन!" सगळा सोफा ओरडत होता. माझा हात वर गेला, आणि तो उघडा होता.

कुंपणाच्या भिंतीवर पाळी सुटलेले लूमवाले बसले होते. दिवसभर ते तिथून सामने बघत, शेंगा खात. त्यांच्यातला एक जण शेंगा सोडून ओरडला, "अरे मॅडम, धक्का मारा ना उसने!" दुसरा म्हणाला, "छोड ना भाई, साहब लोग का मॅच है." त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती, नियम शिकवले नव्हते, आणि त्यांना धक्का दिसला होता.

दीपाली उठली. कोपर सोललं होतं. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "बाई, तिनं लोटलं मला. मी न्हाय गेले."

मी जे केलं ते लिहायला तीन वर्षं घेतली. मी बुटाच्या टोकानं तिला फक्कीवरचा पाय दाखवला. म्हटलं, "हा बघ कुठे उमटलाय."

तिनं त्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिली. भोये सर दाद मागायला गुणलेखकांच्या टेबलाकडे गेले. कर्णिक सर त्या दिवशी पहिल्यांदाच चालत मैदानाच्या मध्यापर्यंत आले, आणि तेही एवढंच सांगायला की पंचांचा निर्णय अंतिम. उरलेल्या सेकंदांत यजमानांनी चेंडू आपापसांत फिरवला. एका गुणानं जिंकले. फटाके वाजले. फटाके आधीच आणून ठेवले होते.

बक्षीस समारंभात अध्यक्ष म्हणाले की खेळात हार-जीत महत्त्वाची नसते. त्यांच्या हातात तेव्हा जिंकलेला चषक होता, तो त्यांनी मुलींना द्यायच्या आधी फोटोसाठी तीनदा उचलला. मग त्यांनी "आमच्या पंच सुनीताताई" म्हणून माझाही सत्कार केला. मला गुलाबाचं फूल मिळालं, ते मी घेतलं.

नळाशी तोंड धुत होते तेव्हा सानिका आली. गळ्यात पदक. मान खाली. "मॅडम, माझी कंबर लागली होती तिला. जोरात."

सोळा वर्षांची पोर. तिच्या शाळेचे अध्यक्ष, तिचे सर, तिचे आईवडील सगळे हसत होते आणि ती एकटी माझ्यापर्यंत चालत आली होती. मी तिला काय सांगितलं असेल? मी म्हणाले, "जाऊ दे. निर्णय झालाय. चांगली खेळलीस."  ती पदक सदऱ्याच्या आत टाकून निघून गेली. त्या संध्याकाळी खरं बोलायची हिंमत त्या मैदानावर एका मुलीला झाली, आणि मी तिला ती गिळायला शिकवली. शिक्षिका आहे ना मी.

दोन दिवसांनी कर्णिक सरांना फोन केला. म्हटलं, चूक झाली, समितीला तसं लिहून देते. ते मनापासून हसले. "अहो, कुणी मागितलंय? हरकत घ्यायची मुदत सामन्यानंतर लगेच होती, त्या मास्तरांनी ती लेखी घेतली नाही. आता तुम्ही लिहिलंत तरी निकाल बदलणार नाही. तुमचं नाव मात्र खराब होईल." मी लिहून दिलं. खरंच निकाल बदलला नाही. नावाचं म्हणाल तर सुनीताचं खराब झालं असेल.

त्यानंतरच्या हंगामांत मी मुठी वर केल्या. रेषेपाशी धक्का दिसला की मूठ, मग सोफ्यावर कुणीही असो. माझं नाव 'फाउलवाली बाई' पडलं. उपांत्य आणि अंतिम सामने मला मिळेनासे झाले. आता चौदा वर्षांखालच्या पहिल्या फेऱ्या देतात, भर दुपारी, जेव्हा सोफा अजून मंडपवाल्याच्या टेम्पोतच असतो. कर्णिक सर निवृत्त झाले, त्यांना 'आदर्श पंच' म्हणून शाल मिळाली. टेमघरच्या बाजारात भाजी घेताना कधी भेटतात. मला पाहून म्हणतात, "काय बाई, अजून धावताय का?" आणि मी त्यांचा तिरस्कार करू पाहते, पण तो पूर्वीसारखा जमत नाही. त्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी मूठ वळली नाही. मला दिसत होतं.

ह्या मुठींचं कुणी कौतुक करू नये. ज्या मुठीची गरज होती ती एकच होती. वसतिगृहाची निवड त्या वर्षी जिल्ह्याला झाली, दीपाली तिथे नव्हती. पुढच्या वर्षी तिचं वय बसलं नाही. आता ती पूर्ण्याला एका गोदामात पॅकिंगला जाते, असं भोये सरांनी सांगितलं. ती खेळते का, हे विचारायचं मला सुचलं नाही, किंवा सुचूनही मी विचारलं नाही.

तिला मी एकदा भेटले होते. त्या सामन्यानंतरच्याच रविवारी. स्कूटी काढून खारबावच्या रस्त्याला लागले. भाताची कापणी चालू होती, वाटेत भारे वाहणाऱ्या बायका. मी वाटभर वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्यात मी जरा बरी माणूस दिसत होते.

आश्रमशाळेच्या मागे मातीचं मैदान. लोखंडी खांबाला एक कडं, जाळी नाही. रेषा कुठेच आखलेल्या नव्हत्या. मुली खेळत होत्या. मला पाहून भोये सर खुर्ची आणायला धावले, त्यांना मी थांबवलं. दीपालीला बोलावलं. ती आली, घाम पुसत उभी राहिली. कोपरावर खपली धरली होती.

"दीपाली, त्या दिवशी फाउल होता. मी चुकीचा निर्णय दिला."

"मला ठाव हाय."

"मला दिसलं होतं. तरी..."

"ते बी ठाव हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी शिट्टी वाजवली, मंग खुर्च्यांकडं बगितलं, मंग हात वर केला. मी तुमच्याकडंच बगत व्हते. पडताना."

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवलं नाही. मी म्हणाले, "मी समितीला लिहून दिलंय."

"मंग? पुना मॅच व्हईल?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. रागावली असती, रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. तिनं फक्त माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, जशी मी बास्केटखालच्या कर्णिकांकडे पाहत असे, आणि खेळायला परत गेली.

मी तिथेच उभी राहिले. निघायचं तर कसं, तेही कळेना. तेवढ्यात मैदानाच्या कडेला दोघींची झटापट झाली, चेंडू झुडपाकडे गेला. एकच कालवा. "भाईर गेली! न्हाय गेली! हिनं ढकलली!" सगळ्या एकदम ओरडत होत्या. मग त्यातल्या एका लहानशा मुलीनं कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "माझा धक्का लागला तिला. तिला द्या." कालवा तिथल्या तिथे थांबला. चेंडू त्या दुसऱ्या मुलीला गेला आणि खेळ सुरू झाला.

माझी पर्स खांद्याला होती, तिच्यात शिट्टी. मी पुढे झाले. सवयीनं म्हणा, किंवा काहीतरी फेडायचं म्हणून म्हणा. "मी घेऊ का मॅच? शिट्टी आहे माझ्याकडे. तुमचा सरावही होईल."

मुली दीपालीकडे बघायला लागल्या. तिनं चेंडू एकदा मातीवर आपटला, जोरात, आणि हातात धरला.

"नको बाई," ती म्हणाली. "आमचं आमी बगतो."